दावं नसलेला कीबोर्ड

सरांच्या क्लासात पाणी प्यायचं तर माठाशी वाकूनच प्यावं लागे, कारण पेला माठाच्या तिवईला बांधलेला होता आणि सुतळी आखूड होती. तिथं उभ्यानं पाणी पिणारा माणूस मी पाहिला नाही. नवीन पोरगी पहिल्या दिवशी पेला ऐटीत उचलायची, सुतळी ताणायची आणि पाणी ओढणीवर. सर आतून, न बघताच म्हणायचे, "झाली का अ‍ॅडमिशन?"

पेला बांधलेला, पेन बांधलेलं, फळा पुसायचं फडकं बांधलेलं. पंख्याच्या रेग्युलेटरचं बटण सैल होतं, तेही बांधलेलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. ती खिळ्याला टांगलेली होतीच, शिवाय दोन्ही बाजूंनी तारेनं आवळलेली. एकदा मीच विचारलं, "सर, तसबीर कोण नेणार आहे?"

"नेणार कोणी न्हाई," सर म्हणाले. "पण त्यांनी एकदा घर सोडलेलं हाय. आपण काळजी घेतलेली बरी."

हा क्लास गोरेगावच्या बाजारात, एका खताच्या दुकानाच्या माडीवर होता. खाली युरियाचा वास, वर सरांचा आवाज. दोन्ही डोळ्यांत पाणी आणणारे. सर टायपिंग शिकवायचे. आधी लोखंडी मशिनींवर, आणि मशिनीवरची परीक्षा बंद पडल्यावर कॉम्प्युटरवर. जुन्या मशिनी त्यांनी भंगारात दिल्या नाहीत. मागच्या भिंतीशी टॉवेल पांघरून ओळीनं बसवून ठेवल्या होत्या. पोरी हसल्या-खिदळल्या की तिकडे बोट दाखवत, "मोठी माणसं झोपलेली हायेत, जरा दमानं."

शिकवायची त्यांची पद्धत मी पुन्हा कुठं पाहिली नाही. कोणाच्या मागं उभं राहायचं नाही, पडद्याकडे बघायचं नाही. दाराशी खुर्ची टाकून, डोळे मिटून, भुईमुगाच्या शेंगा फोडत बसायचं आणि नुसतं ऐकायचं. तो सगळा खडखडाट आम्हाला एकच वाटे. सरांना त्यात माणसं वेगवेगळी ऐकू येत. "तिसरी, करंगळी झोपली." "खिडकीकडली, पुन्हा खोडलं? टाइप करून राहिली का पाटी पुसून राहिली?" करंगळीवर त्यांचा विशेष राग. "करंगळी म्हंजे घरातलं लाडावलेलं लेकरू. कामाला लावल्याबिगर सुधरत न्हाई." आमच्या हातांवर टॉवेल टाकलेला असे, म्हणजे खाली बघायची सोय नाही. वर बघावं तर बुद्धाचे डोळे मिटलेले, दाराकडे बघावं तर सरांचे मिटलेले. एकूण त्या खोलीत बघणारं कोणी नव्हतं.

कीबोर्डांना त्यांनी जनावरांसारखी नावं दिली होती. बटणं जड चालतात ती म्हैस. मधेच एखादं अक्षर दोनदा उमटवतं ते खोंड. खिडकीजवळची गुणी, ती कपिला. आणि त्यांच्या मागून निघणारी वायर म्हणजे दावं. संध्याकाळी क्लास सुटला की सर एकेका वायरीवरून हात फिरवून बघत, गोठ्यात शेवटची फेरी मारावी तसे.

मी त्या माडीवर हौसेनं चढले नव्हते. आमचे हे सेनगावला एका कचेरीत कारकून होते. ते गेले आणि त्यांच्या जागी अनुकंपेवर मला घेतलं. खुर्ची त्यांचीच, टेबलही त्यांचंच, फक्त हुकुमात एक ओळ होती : दिलेल्या मुदतीत टायपिंगची परीक्षा पास न झाल्यास सेवा समाप्त. मी दोनदा बसले होते आणि दोनदा नापास झाले होते. मुदतीत आता एकच परीक्षा उरली होती. ती गेली की नोकरी गेली, आणि मी पुन्हा दिराच्या हळदीत खुरपं घेऊन. धाकटा मुलगा तेव्हा कॉलेजात होता. त्याचं शिक्षणही त्याच एका ओळीला टांगलेलं.

अशा प्रसंगी माणूस नम्र होतं, जमिनीवर येतं, असं गोष्टीत वाचलेलं आहे. मी कसली येतेय. सत्तेचाळीस वर्षांची बाई, डोळ्यांवर नवा चष्मा, गळ्यात कचेरीचं ओळखपत्र. ते ओळखपत्र मी रविवारीसुद्धा काढत नसे, भाजीबाजारात तर मुद्दाम पदराबाहेर ठेवी. परीक्षेत दोनदा आपटूनही स्वतःबद्दलचं मत फार चांगलं. ती बाई आज मला समोरून येताना दिसली तर मी दुसऱ्या गल्लीनं जाईन.

अशात पुण्याहून जावयानं पार्सल पाठवलं. त्यात पांढराशुभ्र, भाकरीसारखा पातळ कीबोर्ड, तसाच माउस, आणि नखाएवढा एक काळा तुकडा. दोन्हींना वायर नाही. तो काळा तुकडा कॉम्प्युटरच्या मागच्या खाचेत खुपसायचा, मग कीबोर्ड आणि माउस त्याच्याशी हवेतून बोलतात. लेकीनं फोनवर तीनतीनदा समजावलं आणि मी प्रत्येक वेळी म्हटलं, "मला माहितीये गं." मला काहीही माहिती नव्हतं. पण जावयानं पाठवलेली वस्तू म्हटल्यावर ती उत्तमच असते, एवढं मला पक्कं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी ते सगळं मी जरीच्या पिशवीत घालून क्लासला नेलं. पोरींना नवं बाळ दाखवावं तसा माउस दाखवला. हात धुतलेत का म्हणूनही विचारलं. मग सर आले. त्यांनी कीबोर्ड उचलला, उलटा केला, मागून चाचपला.

"दावं कुठं हाय?"

"नाही सर. वायरलेस आहे. जावयानं पाठवलाय." त्या दिवसांत माझं प्रत्येक वाक्य जावयापाशी येऊन संपे.

"मंग ह्यो कोणाचा हाय, हे ह्याला कळतं कसं?"

"त्या काळ्या तुकड्यावरनं. दोघांचं आतून जमलेलं असतं."

"बिनदाव्याचं?"

"हो."

"जमत न्हाई बाई तसं. आज तुमच्या दारात दिसतं, उद्या कोंडवाड्यात सोडवायला जावं लागतं." कीबोर्ड त्यांनी टेबलावर ठेवला आणि बोटं धोतराला पुसली. मी पाणी प्यायला माठाशी गेले. वाकून पिऊन परत आले तोवर माझ्या नव्याकोऱ्या बिनवायरच्या माउसच्या गळ्यात सुतळी होती आणि सुतळीचं दुसरं टोक टेबलाच्या पायाला. गाठ अशी की मला ती महिनाभर सुटली नाही. बिनवायरच्या माउसला वायर असलेली जगात मी एकटीच असेन. नातीला हे सांगितलं तर ती म्हणते, "आजी, फोटो काढून ठेवायचा ना." फोटो काढायचं सुचायला आधी आपण हास्यास्पद दिसतोय हे कळावं लागतं.

खरी पंचाईत पुढे झाली. मी टाइप करू लागले. सर दाराशी डोळे मिटून बसले. थोड्या वेळानं त्यांनी शेंग फोडायची थांबवली.

"बाई, बसल्यात का गेल्यात?"

"टाइप करतेय सर."

"मला काहून ऐकू येऊन न्हाई राहिलं?"

"याच्या बटणांना आवाजच नाही. मऊ आहेत. हल्ली असंच असतं."

"मुकं हाय म्हणा की."

त्यावर मी त्यांना एक व्याख्यान दिलं. आवाज करणं हे जुन्या यंत्रांचं लक्षण आहे, जग आता शांततेकडे चाललं आहे, पुण्यात कोणी असा खडखडाट खपवून घेत नाही, वगैरे. सगळं आयुष्य कानावर काढलेल्या माणसाला मी हे ऐकवत होते. सर ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "बराबर हाय. पुण्याला चुका बी आवाज न करताच होत असतील."

तिथून आमची रोज जुंपू लागली. सर मला बोलण्यात सोडत नसत आणि मी त्यांना. एका दुपारी लाइट गेली. सगळ्या पोरींनी हात काढून घेतले. मी मात्र पोरींकडे एक करुणेचा कटाक्ष टाकला आणि टाइप करत राहिले. माझी समजूत अशी की वायर नाही म्हणजे त्याला विजेशी देणंघेणं नाही. आत सेल आहेत, लाइट जावो की राहो. कीबोर्डावरचा हिरवा दिवा जळत होता, हेही खरं. पडदा काळा पडला होता, पण माझ्या हातांवर टॉवेल होता आणि मान ताठ होती, पडद्याकडे बघतंय कोण. पुष्कळ मजकूर टाइप केला. सर उठून आले आणि बाजूला उभे राहिले.

"चाललंय का?"

"चालणारच. वायरलेस आहे."

"कुठं चाललंय तेवढं बघून राहिलो," सर म्हणाले.

पोरी टॉवेलात तोंडं खुपसून हसल्या. मी ओळखपत्र सरळ केलं आणि म्हटलं, सराव हा सराव असतो.

पण माझीही वेळ आली. माडीवर उंदीर फार. खालच्या दुकानातून वर यायचे आणि रात्रीतून वायरी कुरतडून जायचे. एकदा खोंड मेला, पाठोपाठ कपिला. सरांनी यावर उपाय म्हणून मिरचीची चटणी पातळ करून सगळ्या वायरींना चोपडली. उंदरांचं काय झालं कोण जाणे, पण आठवडाभर क्लास शिंकत होता आणि एका पोरीनं वायर धरलेला हात डोळ्याला लावला म्हणून तिला घरी पाठवावं लागलं. मी पांढऱ्या कीबोर्डावर, नाकाला पदर लावून, अगदी गोड आवाजात म्हटलं, "सर, दाव्याला चटणी लावली की जनावर जास्त दूध देतं का?"

"तुमचं जनावर सेल खातं, बाई. माझं काहीच खात न्हाई."

"तुमचं उंदीर खातात."

ते हसले नाहीत, पण शेंगांची ओंजळ माझ्या टेबलावर ठेवून गेले. सरांच्या भाषेत ते शरणपत्र होतं, असं मी धरून चालले. मी काहीही धरून चालत असे.

परीक्षा जवळ आली तसे सर गप्प झाले. एक-दोनदा तर असं झालं की माझ्या मानेला कोणाचा तरी श्वास लागला म्हणून वळून बघावं, तर सर मागं उभे, डोळे सताड उघडे, माझ्या हातांकडे बघत. हातांवरचा टॉवेल काढून बाजूला ठेवलेला. ज्या माणसानं कोणाच्या मागं उभं राहायचं नाही हा नियम केला तो माझ्याच मागं. मला वाटलं, जळतोय. माझ्या कीबोर्डावर डोळा आहे. मी हात जरा पसरून टाइप करू लागले, पाटीवरचं उत्तर झाकावं तशी.

टायपिंगच्या परीक्षेची एक जुनी रीत होती. पूर्वी परीक्षेला आपापली मशीन घेऊन जावं लागे. गोरेगावहून हिंगोलीला जीपमधून मशिनी जायच्या, गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन. कॉम्प्युटर आले तरी सरांनी रीत सोडली नाही. कीबोर्ड आमचे आमीच आणू म्हणून त्यांनी केंद्रावर भांडून कबूल करून घेतलेलं. तर त्या सकाळी चार पोरी, सर, सरांच्या पायाशी वायरवाल्या कीबोर्डांचं पोतं, आणि पुढच्या सीटवर मी. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला माझा पांढरा कीबोर्ड आणि सुतळी कापून मोकळा केलेला माउस. सुतळी कापली तेव्हा सर काही बोलले नव्हते. जीप सुटताना एवढंच विचारलं, "सगळं घेतलं?"

"सगळं."

मशीन उचलली की सगळी येते. तिचा अर्धा भाग मागं राहायचा प्रश्नच नसतो. हिंगोलीला केंद्रावर माझ्या नंबरच्या टेबलाशी बसून मी टॉवेल सोडला, कीबोर्ड मांडला, बोट ठेवलं, आणि पडद्यावर काहीही उमटेना, तेव्हा मला कळलं की माझ्या मशिनीचा नखाएवढा भाग गोरेगावच्या माडीवर, कॉम्प्युटरच्या मागं खुपसलेला आहे.

मी बाहेर आले. सर फाटकाशी पोत्यावर बसले होते.

"सर, राहिलं."

"काय राहिलं?"

"ते. काळं."

आता येईल ते ऐकून घ्यायची मी तयारी केली. मोकाट, कोंडवाडा, जावई, सगळं. सरांनी खिशातून फोन काढला आणि घरी काकूंना लावला. काकूंनी उभ्या जन्मात कॉम्प्युटरला हात लावलेला नव्हता. सर लावू देत नसत.

"माडीवर जा. बाई बसतात त्या टेबलापाशी. डब्याच्या मागल्या अंगाला एक बारकं काळं हाय, ते उपस आन् बाराच्या जीपवाल्याकडं दे."

फोनमधून काकूंचा जिना चढल्याचा दम ऐकू आला. "मागं तर लई कायकाय हाय."

"त्यातलं काळं."

"काळी तर पाल हाय."

"तिला हात लावू नको."

"मंग उपसू काय?"

"पाल सोडून काळं."

"ती हालंना. तिच्याखाली हाय वाटतं. थांबा, मी..." आणि रेंज गेली. पुन्हा लावला, लागला नाही.

माझी तुकडी अर्ध्या तासात बसणार होती. सर उठले, धोतर झटकलं आणि थेट केंद्रप्रमुखाच्या खोलीत गेले. मी मागोमाग. हा केंद्रप्रमुख एके काळचा सरांचाच विद्यार्थी. पुढे त्यानं हिंगोलीत स्वतःचा क्लास काढला आणि त्या दिवसापासून सर त्याच्याशी बोलत नव्हते. कीबोर्डांचं भांडणसुद्धा त्यांनी तिसऱ्याच माणसामार्फत केलं होतं. खोलीत जाऊन सर उभे राहिले. खुर्ची दिली, बसले नाहीत.

"ह्या बाईला शेवटच्या तुकडीत बसवा."

"का सर?"

"यंत्राचा एक भाग येऊन राहिला गोरेगावहून."

केंद्रप्रमुखानं चष्म्यावरून बघितलं. "सर, तुमी मला कधी एक मिनिट जादा दिलं होतं का?"

"न्हाई."

"हातावर पट्टी मारली होती, वेळ संपल्यावर एक बटण दाबलं म्हणून."

"मारली होती. बराबर मारली होती."

"मग आता?"

"आता मागून राहिलो. बाईची शेवटची खेप हाय. गेली तर नोकरी जाते."

केंद्रप्रमुख मऊ पडला, पण पुरता नाही. म्हणाला, "मॅडम, एवढी तकलीफ कशाला? सरांपाशी पोतं भरून वायरचे कीबोर्ड आहेत. एक घ्या, लावा, बसा. सरांनाबी आनंद होईल."

तेव्हा माझ्या मनात आलं, घे बाई, माघार घे. सरांचं म्हणणं खरं ठरू दे, आपण गप म्हैस घेऊन बसू. मी तसं तोंड उघडलंसुद्धा.

"न्हाई," सर म्हणाले. "वायरवाल्यावर ह्या पास होत न्हाईत."

सर माझ्याकडे बघत नव्हते. केंद्रप्रमुखाच्या टेबलावरच्या पेनकडे बघत होते. ते पेन कशालाच बांधलेलं नव्हतं.

"ह्यांची बोटं खुरप्यात गेलेली हायेत. सांधे सुजतात. कडक बटण दाबायला करंगळी उचलतच न्हाई, आन् मी वरीसभर तिलाच शिव्या घालत बसलो. त्या खेळण्यावर ती पळते. कानाला ऐकू येत न्हाई, म्हणून मागं उभं राहून डोळ्यानं बघितलं. पळते." मग म्हणाले, "बोललो न्हाई, कारण बोललो असतो तर बाई डोक्यावर बसल्या असत्या."

बसलेच असते. त्यात काही शंका नाही.

मी माझ्या हातांकडे बघितलं. रोज सकाळी कोमट पाण्यात बुडवून मोकळी करायची ही बोटं, ते मी कोणाला कळू दिलं नव्हतं. मऊ बटणांचं सुख मला कळत होतं, पण ते जावयाच्या मोठेपणाचं सुख आहे असा माझा समज. दोनदा नापास झाले होते ते म्हशीवर आणि खोंडावर, हे तर मी जोडूनही बघितलं नव्हतं.

केंद्रप्रमुखानं शेवटच्या तुकडीत माझा नंबर टाकला.

बाराची जीप आली तेव्हा आम्ही फाटकाशी रस्त्याकडे डोळे लावून उभे होतो. जीपवाल्यानं खिशात हात घालून तो काळा तुकडा काढावा, अशी आमची अपेक्षा. तो खाली उतरला, मागचं फाळकं उघडलं आणि दोन म्हाताऱ्यांच्या मांडीवरून एक भलं मोठं गाठोडं उचललं. चादरीत बांधलेलं, वरून चऱ्हाटाचे वेढे.

"सर, घ्या. काकू म्हणल्या काय उपसायचं ते कळंना, म्हणून डबाच पाठवला. उन्हात ठिवू नका म्हणल्या."

काकूंनी अख्खा कॉम्प्युटर पाठवला होता. घरातलं माणूसही अखेर टायपिंगवाल्याच्याच घरातलं. मशीन जाते तर सगळी जाते. फाटकाशी मांडी घालून सरांनी चऱ्हाट सोडलं, चादर बाजूला केली. पालही हिंगोलीला आलेली होती. ती आपली आपण उतरून गेली. तिच्याखालून सरांनी तो काळा तुकडा काढला, धोतराला पुसला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"जा," म्हणाले. "आन् करंगळीला काही बोलू नका."

परीक्षेचं काय सांगू. मी टाइप केलं. खोलीभर इतरांचा खडखडाट होता आणि माझ्या टेबलावरून काहीच ऐकू येत नव्हतं. खिडकीबाहेर सर उभे होते. त्या गजांमधून त्यांना माझे हात दिसत असतील-नसतील. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा मी बोटं लगेच वर उचलली. पट्टीची गोष्ट नुकतीच ऐकलेली होती.

परतीच्या जीपमध्ये मी मागं बसले, पुढची सीट सरांना दिली. अख्ख्या वाटेभर ते कॉम्प्युटर मांडीवर घेऊन होते आणि वळण आलं की त्याच्यावर हात ठेवत होते. एकमेकांशी बोललो नाही. बोलण्यासारखं माझ्यापाशी पुष्कळ होतं, पण ते सगळं जावयाविषयी होतं, आणि तेवढी अक्कल एका दिवसात आली होती.

निकाल लागला. मी पास झाले. काठावर का होईना, पण काठाच्या आतल्या अंगाला. कचेरीत साहेबांनी माझ्या कागदावर सही केली आणि मी तिथूनच पेढे घेऊन गोरेगावची जीप धरली.

माडीवर गर्दी होती. नवीन तुकडीचे दिवस होते. पोरींना घेऊन आया आल्या होत्या, एक-दोन बापही. सर त्यांना काय समजावत होते ते जिन्यातूनच ऐकू आलं. वायरचा कीबोर्ड घ्यावा का बिनवायरचा, असं एका बाईनं विचारलं होतं. तिच्या भावानं मुंबईहून बिनवायरचा पाठवला होता.

"वायरचाच घ्या," सर सांगत होते. "मोकाट जनावरावर परीक्षा होत न्हाई. आमच्या बाई बघा. दोनदा नापास झालेल्या, वय झालेलं, बोटं कामातनं गेलेली. वायरच्या बोर्डावर पास झाल्या. आल्याच बघा त्या. विचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. मी दारात, हातात पेढ्यांचा पुडा. सरांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. पुड्याकडे बघत होते, आणि चेहरा असा की या माणसानं आयुष्यात कधी खरं सोडून काही बोललेलं नाही. मागच्या भिंतीशी टॉवेल पांघरलेल्या मशिनी बसल्या होत्या. माझ्या निकालाशिवाय सरांपाशी दुसरी जाहिरात नव्हती.

"कशावर पास झालात, मावशी?" त्या बाईनं विचारलं.

साहेबांची सही त्याच दुपारी झालेली होती. मी आता कायम होते. सेवेतून मला कोणी काढू शकत नव्हतं, करंगळीसकट. कायम झालेल्या सरकारी माणसाला खरं बोलायची सक्ती कोणी केल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

मी सरांना पहिला पेढा दिला आणि म्हटलं, "वायरवर."